पवनचक्की उतरवताना माती सांभाळा: पवनऊर्जा प्रकल्प मोडीत काढून जागा पूर्ववत करण्याची पद्धत

पवनचक्कीचे आरेखन साधारणपणे किमान २० वर्षांच्या सेवेचा हिशेब धरून केलेले असते. चांगली देखभाल झालेली यंत्रे त्याहून काही वर्षे अधिक चालतात, पण कधी ना कधी ती उतरवण्याची वेळ येतेच. सगळी तयारी झालेली असेल आणि वाऱ्याने साथ दिली, तर मध्यम आकाराची एक पवनचक्की मोजक्या दिवसांत खाली येते. तिच्याखालची जमीन पूर्वीसारखी व्हायला मात्र वर्षे लागतात. या कामात नव्याने येणाऱ्या अभियंत्याचे, ठेकेदाराचे किंवा जमीनमालकाचे लक्ष उंच क्रेनकडे लागलेले असते आणि ते स्वाभाविक आहे. परंतु उतरवणीतील प्रत्येक निर्णय ‘याने मातीचे काय होईल’ हा प्रश्न विचारूनच घ्यावा, असे माझे ठाम मत झाले आहे. क्रेन कुठे उभी करायची, पाती कुठे कापायची, पाया किती खोल फोडायचा, काम वर्षाच्या कोणत्या काळात काढायचे, या सगळ्यांची उत्तरे त्या एका प्रश्नाशी येऊन मिळतात.

हा लेख जमिनीवरील प्रकल्पांपुरता आहे. समुद्रातील पवनचक्क्या उतरवणे हे वेगळे शास्त्र आहे. जगातील पहिला सागरी पवनऊर्जा प्रकल्प डेन्मार्कमध्ये विंडेबी येथे १९९१ मध्ये उभा राहिला आणि त्यातील ११ पवनचक्क्या २०१७ मध्ये उतरवण्यात आल्या, एवढा उल्लेख येथे पुरेसा आहे.

काम सुरू होते कागदावर

सर्वांत आधी एक प्रश्न निकाली काढावा: प्रकल्प खरोखर संपवायचा आहे की त्याचे आयुष्य वाढवायचे आहे, किंवा त्याच जागी कमी संख्येने पण मोठ्या पवनचक्क्या उभारायच्या आहेत? नव्या, मोठ्या यंत्रांचा भार जुन्या पायांना सहसा पेलत नाही, त्यामुळे पाया बहुधा नव्यानेच घालावा लागतो. परंतु रस्ते, केबलचे मार्ग आणि उपकेंद्र यांचा पुन्हा उपयोग होऊ शकतो. हा निर्णय लांबत गेला, तर काढलेला रस्ता पुन्हा करण्याची किंवा राखलेला रस्ता दोन वर्षांनी नव्याने ठेकेदार आणून उखडण्याची वेळ येते. दोन्ही वेळा नुकसान मातीचेच होते.

त्यानंतर जुने कागद गोळा करावेत. जमिनीचा भाडेकरार, परवानग्यांमधील अटी, पायाचे नकाशे, उभारणीच्या वेळचा मृदा-अहवाल, केबल प्रत्यक्षात ज्या मार्गाने टाकली तो नकाशा आणि देखभालीच्या नोंदवह्या हे सारे एकत्र करावे. वीस वर्षांत मालकी बदललेली असते, माणसे बदललेली असतात आणि आरेखनाचा नकाशा व प्रत्यक्ष काम यांत फरक पडलेला असतो, म्हणून केबलचा मार्ग यंत्राने शोधून जमिनीवर खुणा केल्याशिवाय कागदावर विसंबू नये. करारात ‘जागा पूर्ववत करून द्यावी’ एवढेच मोघम वाक्य असेल, तर जमीनमालकाबरोबर बसून त्याचा अर्थ लेखी ठरवून घ्यावा: पाया किती खोलीपर्यंत काढायचा, रस्ता राहणार की जाणार, केबल उपसायची की जागीच सोडायची, आणि जमीन कोणत्या वापरासाठी तयार करायची. शेती, कुरण आणि वनस्पतींचे नैसर्गिक आच्छादन या तिन्हींना लागणारी माती सारखी नसते.

पायाबाबतचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. अनेक ठिकाणी जमिनीखाली सुमारे १ ते १.२ मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याची अट असते. फ्रान्सने २०२० मध्ये नियम बदलून संपूर्ण पाया उपसणे हा सर्वसाधारण नियम केला आणि पर्यावरणाच्या दृष्टीने तसे करणे अधिक हानिकारक ठरत असल्याचे अभ्यासातून दाखवता आले, तरच सवलत ठेवली. म्हणून दुसऱ्या प्रकल्पाची पद्धत जशीच्या तशी उचलू नये. आपल्या परवान्यात काय लिहिले आहे ते आधी वाचावे.

खर्चाचा अंदाज करताना भंगाराच्या विक्रीतून मिळणारी रक्कम वजा करून निव्वळ आकडा काढण्याचा मोह होतो. मी तसे करू नये असे सांगेन. पोलाद आणि तांबे यांचे भाव वर्षभरातही बरेच खाली-वर होतात, आणि भाव पडलेल्या वर्षी जो पैसा कमी पडतो तो नेहमी शेवटच्या टप्प्यातून, म्हणजे जमिनीच्या कामातून कापला जातो. उतरवणीचा पूर्ण खर्च एका बाजूला आणि भंगाराचे अपेक्षित उत्पन्न दुसऱ्या बाजूला असा हिशेब मांडावा. प्रकल्पमालकाने ठेवायची आर्थिक हमी पूर्ण खर्चाइतकी असावी आणि ती प्रकल्प कमावता असतानाच बाजूला काढलेली असावी.

जमिनीची नोंद, क्रेन येण्याआधी

जागा पूर्ववत करायची, तर ‘पूर्वी’ ती कशी होती हे माहीत हवे. उभारणीआधीच्या नोंदी बहुतेक वेळा अपुऱ्या असतात किंवा मिळतच नाहीत. अशा वेळी पवनचक्कीला लागूनच, पण यंत्रांची चाके कधी न पोहोचलेली, तशाच उताराची आणि तशाच मातीची जागा निवडावी व तिला तुलनेचा तुकडा मानावे. तिथे फावड्याने सुमारे अर्धा मीटर खोल खड्डा घ्यावा. वरच्या सुपीक थराची जाडी मोजावी, खालच्या थराचा रंग आणि पोत लिहून ठेवावा, मुळे किती खोल गेली आहेत ते पाहावे आणि उभ्या कडेला मोजपट्टी लावून छायाचित्र घ्यावे. तसाच खड्डा क्रेनच्या जुन्या तळाच्या, म्हणजे उभारणीच्या वेळी क्रेन उभी करण्यासाठी केलेल्या पक्क्या जागेच्या, कडेलाही घ्यावा. पहिल्या खड्ड्यात माती चिमटीत धरताच सुटी होते, तर दुसऱ्यात सपाट, चकचकीत पापुद्रे निघतात आणि मुळे त्या पापुद्र्यांवर आडवी पसरलेली दिसतात. या दोन खड्ड्यांमधला फरक किती, त्यावरून शेवटच्या टप्प्यात किती काम पडणार आहे याचा अंदाज येतो.

याच सुमारास पक्ष्यांच्या विणीचा हंगाम, वटवाघळांच्या विश्रांतीच्या जागा आणि पाण्याचे प्रवाह यांची पाहणी करून कामाचे वेळापत्रक ठरवावे. माती कोरडी असण्याचा काळ आणि विणीचा हंगाम टाळून उरलेला काळ यांची सांगड घालणे सोपे नसते. ती घालता आली नाही, तर काम पुढच्या वर्षावर ढकलावे, पण ओल्या जमिनीत क्रेन घालू नये. मनोऱ्यावरचा धोक्याचा दिवा बंद होणार असल्याची सूचना विमान वाहतूक प्राधिकरणाला द्यावी आणि अवजड वाहतुकीच्या परवानग्या वेळेत मागाव्यात.

वीज तोडणे आणि द्रव काढणे

पवनचक्की थांबवणे म्हणजे वीज तोडणे नव्हे. वीज दोन बाजूंनी येऊ शकते: यंत्राच्या जनित्राकडून आणि ग्रिडकडून. दोन्ही बाजू अलग कराव्यात, स्विचना कुलूप लावून त्यावर नावाची पाटी अडकवावी, चाचणी-यंत्राने दाब शून्य असल्याची खात्री करावी आणि त्यानंतरच केबल भूसंपर्कित करावी, म्हणजे जमिनीशी जोडावी. कन्व्हर्टरमधील (विजेचे रूप बदलणाऱ्या यंत्रातील) संधारकांत, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागांत, पुरवठा तोडल्यानंतरही काही काळ प्रभार राहतो, म्हणून उत्पादकाने दिलेली प्रतीक्षेची वेळ काटेकोरपणे पाळावी. पात्यांचा कोन बदलणाऱ्या यंत्रणेत काही प्रकारांत बॅटऱ्या असतात, तर काहींत नायट्रोजनने भरलेले दाबपात्र असते. हे दाबपात्र तेल काढल्यावरही भरलेलेच राहते आणि भंगारात तसेच गेले, तर कापणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. त्यातील दाब खाली करून त्यावर तशी खूण करावी.

गिअरबॉक्समध्ये काहीशे लीटर तेल असते. शिवाय हायड्रॉलिक तेल, शीतक, ग्रीस आणि काही ठिकाणी रोहित्राचे तेल असते. हे सर्व मनोऱ्यावरून खाली येण्याआधीच नळीने उतरवून बंद पिंपांत घ्यावे. नॅसेल (मनोऱ्याच्या माथ्यावरची, गिअरबॉक्स आणि जनित्र असलेली पेटी) जमिनीवर आल्यावर तेल काढू असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण उचलताना नॅसेल तिरकी होते, जुन्या पाझरांतून तेल सांडते आणि एका दुपारीत सांडलेल्या तेलासाठी मग कित्येक घनमीटर माती खोदून बाहेर न्यावी लागते. उच्चदाब स्विचगिअरमध्ये, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या यंत्रणेत, सल्फर हेक्झाफ्लोराइड वायू असेल, तर तो प्रशिक्षित माणसाकडूनच यंत्राने शोषून सिलिंडरमध्ये भरून घ्यावा. हा वायू शंभर वर्षांच्या मापावर कार्बन डायऑक्साइडपेक्षा २३ हजार पटींहून अधिक तापमानवाढ घडवतो, त्यामुळे तो थोडासाही हवेत सोडणे योग्य नाही.

प्रत्यक्ष उतरवणी

आकारांची कल्पना यावी म्हणून एक उदाहरण घेऊ. सुमारे २ मेगावॉट क्षमतेच्या आणि ८० मीटरच्या आसपास उंची असलेल्या पवनचक्कीत पोलादी मनोरा साधारण १५० ते २०० टन, नॅसेल ७० टनांच्या आसपास आणि तीन पाती व हब (पाती जिथे जोडलेली असतात तो मधला भाग) मिळून रोटर ३५ ते ४० टन भरतो. ही वजने कागदावरची असतात. वीस वर्षांत नॅसेलमध्ये बदललेले भाग, साचलेले ग्रीस, पात्यात शिरलेले पाणी यांमुळे प्रत्यक्ष वजन वेगळे निघू शकते, म्हणून क्रेनची निवड करताना पुरेसा वाव ठेवावा आणि उचलताना भारमापकाचा आकडा पाहत राहावे.

क्रेनचा तळ हा या कामाचा कणा आहे. उभारणीच्या वेळी केलेला तळ मातीने झाकला गेलेला असतो आणि तो अजून भार पेलेल असे गृहीत धरले जाते. ते गृहीत न धरता भारवहन चाचणी करावी. क्रेनला जुन्या तळाबाहेर पाऊल टाकावेच लागणार असेल, तर आधी वरची सुपीक माती काढून बाजूला रचावी, उघड्या थरावर जिओटेक्स्टाइल (माती आणि खडी वेगळी ठेवणारे मजबूत कापड) अंथरावे आणि त्यावर जाड फळ्या किंवा पोलादी पत्रे टाकावेत. सुपीक मातीवर थेट खडी ओतली, तर ती पुढे कधीच पूर्णपणे निवडून काढता येत नाही.

वाऱ्याच्या मर्यादा क्रेनच्या भार-तक्त्यात आणि पवनचक्कीच्या उत्पादकाच्या सूचनांत दिलेल्या असतात. दोन्हींपैकी जी कमी असेल ती पाळावी. रोटरचा किंवा पात्याचा पृष्ठभाग मोठा असल्याने त्यांची मर्यादा मनोऱ्याच्या तुकड्यांपेक्षा कमी असते. वारा जमिनीवर नव्हे, तर क्रेनच्या टोकाशी मोजावा. खाली पानही हलत नसताना वर काम थांबवण्याजोगा वारा असतो, ही गोष्ट नव्या माणसाला पहिल्या दिवशी पटत नाही.

क्रम उभारणीच्या उलटा असतो: आधी पाती किंवा संपूर्ण रोटर, मग नॅसेल, मग मनोऱ्याचे तुकडे वरून खाली. एकेक पाते काढायचे असेल, तर हे लक्षात ठेवावे की पहिले पाते निघताच रोटरचा तोल जातो आणि उरलेली दोन पाती शाफ्टला (रोटरच्या फिरत्या दांड्याला) पिळू लागतात. रोटर अडकवणारी खीळ तो पीळ पेलू शकते का, हे आधी तपासावे. जोडांवरचे बोल्ट गंजून घट्ट बसलेले असतात. हायड्रॉलिक पाना लावल्यावर असा बोल्ट पहिल्यांदा सुटतो, तेव्हा बंदुकीच्या बारासारखा आवाज होतो आणि संपूर्ण मनोरा हाताला थरथरताना जाणवतो. काही बोल्ट सुटतच नाहीत आणि त्यांची नट फोडावी किंवा कापावी लागते. ज्वालेने कापण्याआधी रंगाची चाचणी करावी, कारण जुन्या रंगात शिसे असू शकते. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, क्रेनने ठरलेला भार उचलून धरल्याचे मापकावर दिसेपर्यंत शेवटचे बोल्ट सोडू नयेत, आणि भार ठरल्यापेक्षा फार वर गेला तर उचलणे थांबवून कुठला बोल्ट किंवा कुठली केबल अडकली आहे ते शोधावे. राहून गेलेली एक केबल क्रेनच्या ताकदीने तोडण्याचा प्रयत्न कुणीही करू नये.

येथे एका पर्यायाबद्दल स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. मनोऱ्याच्या तळाशी कापून किंवा स्फोटके लावून संपूर्ण पवनचक्की आडवी पाडण्याची पद्धत काही ठिकाणी वापरली जाते. मोठी क्रेन लागत नाही, उंचीवर माणसे चढत नाहीत आणि वेळ वाचतो, हे तिचे खरे फायदे आहेत. मनोरा इतका कमकुवत झाला असेल की वर जाणेच धोक्याचे, तर तोच एक मार्ग उरतो. परंतु पाती लागलेली असताना यंत्र पाडले, की पाती जमिनीवर आपटून चुरा होतात. अशा पद्धतीने पाडलेल्या एका पवनचक्कीच्या जागेवर मी नंतर गेलो होतो. भंगार उचलून कित्येक महिने झाले होते, वरून जमीन स्वच्छ दिसत होती, पण मूठभर माती उचलून उन्हात धरली की तिच्यात काचतंतूंच्या कुसळांची चमक दिसत होती, आणि तळहाताला संध्याकाळपर्यंत खाज सुटत होती. असे तंतू मातीतून वेचून काढण्याचा व्यवहार्य उपाय नाही. तो थर खरवडून बाहेर न्यावा लागतो. पाडणे अटळ असेल, तर निदान पाती आधी उतरवून घ्यावीत आणि तेल पूर्ण काढावे.

पात्यांचे काय करायचे

पवनचक्कीच्या वजनाचा ८५ ते ९० टक्के भाग पोलाद, तांबे, बीड, ॲल्युमिनियम यांसारख्या पुन्हा वितळवता येणाऱ्या पदार्थांचा असतो आणि त्याला घेणारे सहज मिळतात. काही जनित्रांत निओडिमियमयुक्त कायम चुंबक असतात. ते मौल्यवान आहेत, पण अतिशय शक्तिशाली असल्याने हत्यारे खेचून घेतात आणि हृदयात पेसमेकर असलेल्या व्यक्तीला धोकादायक ठरतात, म्हणून असे जनित्र जागेवर न उघडता त्या कामाच्या कारखान्याकडेच पाठवावे.

खरी अडचण पात्यांची आहे. ती काचतंतू आणि इपॉक्सी किंवा पॉलिएस्टर राळ यांची बनलेली असतात, आत बाल्सा लाकूड किंवा फोम असतो, काहींत कार्बनतंतू असतात. एकदा कडक झालेली ही राळ पुन्हा वितळत नाही. अमेरिकेत वायोमिंगमधील कॅस्पर येथे जमिनीत ओळीने पुरल्या जाणाऱ्या पात्यांची छायाचित्रे २०२० मध्ये जगभर पसरली आणि या प्रश्नाकडे सामान्य माणसाचे लक्ष गेले. जर्मनी, ऑस्ट्रिया, नेदरलँड्स आणि फिनलंड या देशांत पाती अशी पुरण्यावर बंदी किंवा कडक निर्बंध आहेत. आज मोठ्या प्रमाणावर वापरात असलेला मार्ग सिमेंटच्या भट्टीचा आहे: पाती तुकडे करून भट्टीत घालतात, राळ इंधन म्हणून जळते आणि काचेतील सिलिका कच्च्या मालाची जागा घेते. यात पदार्थ वाया जात नाही, पण तंतू पुन्हा तंतू म्हणून मिळत नाहीत. सीमेन्स गमेसा कंपनीने २०२१ मध्ये अशी पाती आणली, ज्यांतील राळ सौम्य आम्लात विरघळवून तंतू वेगळे करता येतात. मात्र आज उतरवली जाणारी पाती त्यापूर्वीची आहेत. पादचारी पूल, आवाज रोखणाऱ्या भिंती यांसाठीही जुनी पाती वापरली गेली आहेत, परंतु संख्या पाहता हा मार्ग मोजक्याच पात्यांना पुरतो. पाते घेणारा कारखाना लेखी करारासह निश्चित झाल्याशिवाय पाती उतरवायला घेऊ नयेत, कारण ‘तात्पुरती’ म्हणून शेतात ठेवलेली पाती वर्षानुवर्षे तिथेच पडून राहतात.

पाते वाहतुकीसाठी कापावे लागते. ते पक्क्या फरशीवर किंवा जाड ताडपत्रीवर ठेवून, पाण्याचा सतत मारा करत, हिऱ्याच्या दातांच्या करवतीने कापावे. पाणी गाळून घ्यावे आणि गाळ कचऱ्यात द्यावा. कामगारांना श्वसनयंत्र, डोळे पूर्ण झाकणारे चष्मे आणि अंगभर कपडे द्यावेत. कोरड्या करवतीने मोकळ्या माळावर पाते कापणे हे कामगारांच्या फुप्फुसांशी आणि मातीशी एकाच वेळी केलेले वैर आहे.

पाया, केबल आणि रस्ते

वरील आकाराच्या पवनचक्कीचा पाया १५ ते १८ मीटर व्यासाचा असतो आणि त्यात साधारण ३०० ते ४०० घनमीटर काँक्रीट, तसेच ३० ते ४० टन पोलादी सळई असते. म्हणजे जमिनीखाली दडलेला भाग दिसणाऱ्या यंत्राच्या सुमारे तिप्पट जड असतो. पोकलेनला ब्रेकर लावून वरचा चबुतरा आणि ठरलेल्या खोलीपर्यंतचा भाग फोडतात, सळई कापून वेगळी करतात आणि काँक्रीटचे तुकडे दळून रस्त्याच्या भरावासाठी देतात. हे तुकडे त्याच खड्ड्यात ढकलून वर माती ओढण्याची सूट ठेकेदार मागतो. परवान्यात स्पष्ट मुभा नसेल, तर ती देऊ नये.

पाया पूर्ण काढावा की खालचा भाग सोडावा, याबाबत माझे मत एकतर्फी नाही. खोल माती, नांगरट आणि खोल मुळांची पिके असतील, तर पूर्ण पाया काढणे योग्य, कारण मीटरभर मातीखाली १५ मीटरची काँक्रीटची ताटली राहिली तर तिच्यावर पाणी तुंबते आणि उन्हाळ्यात तोच तुकडा आधी वाळतो. उलट, उथळ मातीच्या खडकाळ माथ्यावर पाया उपसण्यासाठी मोठा खड्डा करून आजूबाजूची शाबूत जमीन उद्ध्वस्त करण्यात शहाणपण नाही. सोडलेल्या ताटलीत पाण्याचा निचरा होण्यासाठी आरपार भोके पाडता येतात; हे काम थोड्या तासांचे आहे आणि त्याचा उपयोग कायम राहतो.

केबल नांगरटीच्या खोलीपेक्षा खाली असेल, तर ती उपसण्यासाठी किलोमीटरच्या किलोमीटर चर खणण्यापेक्षा टोके कापून, बंद करून, नकाशावर नोंदवून सोडणे अनेकदा मातीच्या हिताचे ठरते. केवळ धातूची किंमत चांगली असते म्हणून ती उपसू नये. परवान्यात उपसण्याची अट असेल, तर प्रश्नच नाही.

रस्ते आणि क्रेनचे तळ सगळ्यांत शेवटी काढावेत, आणि ते सर्वांत दूरच्या पवनचक्कीपासून सुरू करून प्रवेशद्वाराकडे मागे सरकत काढावेत. लादी पुसणारा माणूस जसा दाराकडे मागे येतो, तसेच हे आहे: एकदा मोकळी केलेली जमीन पुन्हा चाकाखाली येता कामा नये. खडी आणि मुरूम उचलताना खालचे जिओटेक्स्टाइल अखंड निघेल अशी काळजी घ्यावी. जमीनमालकाला रस्त्याचा काही भाग हवा असतो. तसे लेखी घ्यावे आणि त्या रस्त्याच्या कडेच्या चाऱ्या कोण सांभाळणार, तेही त्यातच लिहावे.

मातीचे काम

येथपर्यंतचे काम यंत्रांचे होते, येथून पुढे घाई चालत नाही. खडी निघाल्यावर उघडी पडणारी जमीन वीस वर्षे दाबलेली असते. जमिनीत दांडी खुपसून प्रतिकार मोजण्याचे साधे उपकरण असते. सुमारे २ मेगापास्कलच्या पुढे प्रतिकार गेला, की बहुतेक पिकांच्या मुळांची वाढ खुंटते. ही मोजणी तुलनेच्या तुकड्यावर आणि तळाच्या जागेवर एकाच दिवशी करावी, कारण ओलाव्यानुसार आकडा बदलतो.

दाबलेला थर मोकळा करण्यासाठी खोल दातांच्या अवजाराने तो ४५ ते ६० सेंटिमीटरपर्यंत फोडावा, उतार असेल तर समपातळीच्या रेषेने फोडावा, नाहीतर प्रत्येक सरी पाण्याची घळ बनते. पण त्याआधी माती कामायोग्य कोरडी आहे का, हे हातानेच तपासावे. ज्या खोलीवर काम करायचे तिथली चिमूटभर माती घ्यावी आणि तळहातावर वळून तिची सुमारे ३ मिलिमीटर जाडीची वात करावी. वात न तुटता लांब वळली जात असेल, तर माती ओली आहे आणि त्या दिवशी अवजार घालू नये. दात त्या मातीला फोडणार नाहीत, उलट चिखलाच्या भिंतींसारखी तिला लिंपून टाकतील. वात होण्याआधीच भुगा झाला, तर काम सुरू करावे. ही चाचणी दोन मिनिटांची आहे, तिला कोणतेही उपकरण लागत नाही, आणि मी पाहिलेल्या बिघडलेल्या जागांपैकी बहुतेक जागा ती न केल्यामुळे बिघडल्या होत्या. ठेकेदाराची यंत्रे भाड्याने उभी असतात आणि दररोज पैसे मोजावे लागतात, म्हणून ‘आज करूनच टाकू’ असा दबाव येतो. त्यामुळे माती ओली असल्यास काम थांबवण्याचा अधिकार जागेवरील एका नेमक्या व्यक्तीला करारातच द्यावा.

माती परत घालताना थरांचा क्रम पाळावा: खाली खालची, वर वरची. काढून ठेवलेल्या सुपीक मातीचा ढीग शक्यतो २ मीटरपेक्षा उंच करू नये, त्याच्यावरून यंत्र फिरवू नये आणि तो काही महिने राहणार असेल तर त्यावर गवत पेरावे, नाहीतर आतल्या मातीतील हवा आणि जीवसृष्टी संपते. भरलेला खड्डा नंतर खचतो, म्हणून भर थोडी उंच ठेवावी. सुपीक माती कमी पडली तर बाहेरून आणावी लागते. अशा वेळी ती कोठून आली, तिच्यात कोणत्या तणांचे बी आहे आणि तिचा सामू जुळतो का, हे तपासल्याशिवाय एकही खेप उतरवून घेऊ नये. यंत्रांची चाके आणि साखळ्या जागेवर येण्याआधी धुतलेल्या असाव्यात, तेही याच कारणाने.

पेरणीसाठी परिसरात आपोआप उगवणाऱ्या वनस्पतींचे बी घ्यावे. शेतजमीन असेल, तर पहिले एक-दोन हंगाम खोल मुळांच्या द्विदल पिकांना द्यावेत. ती मुळे अवजाराने केलेल्या फटी उघड्या ठेवतात आणि जमिनीत नत्र जमा करतात. पहिल्याच वर्षी नगदी पीक घेण्याची घाई केली, तर जड यंत्रे पुन्हा त्या भुसभुशीत जमिनीवर येतात.

निरीक्षण आणि हस्तांतर

पहिल्या मोठ्या पावसानंतर जागेवर अवश्य जावे. पाणी कुठे तुंबले, घळ कुठे पडली, खड्डा कुठे खचला, हे त्या दिवशी जितके स्पष्ट दिसते तितके नंतर दिसत नाही. क्रेनच्या जुन्या तळाची चौकट पाण्याच्या डबक्याच्या रूपाने जशीच्या तशी उमटलेली दिसली, तर समजावे की खालचा थर फुटलेला नाही आणि कोरड्या काळात तिथे पुन्हा काम करावे लागेल. त्यानंतर तीन ते पाच वर्षे, वर्षातून एकदा ठरलेल्या सुमारास, त्याच जागांवरून छायाचित्रे घ्यावीत, वनस्पतींचे आच्छादन आणि मातीचा प्रतिकार मोजावा आणि दुरुस्तीसाठी राखलेली रक्कम तोपर्यंत मोकळी करू नये.

हस्तांतराच्या कागदांत उतरवलेल्या प्रत्येक भागाची विल्हेवाट कुठे झाली त्याच्या पावत्या, मातीच्या चाचण्या, आणि जमिनीखाली राहिलेल्या काँक्रीटचे व केबलचे अक्षांश-रेखांश व खोली दाखवणारा नकाशा असावा. हा नकाशा जमिनीच्या अधिकृत दप्तरात नोंदवून घ्यावा, कारण तीस वर्षांनी त्या जागी विहीर खणणाऱ्या माणसाला आजच्या करारातील कोणीही भेटणार नाही. सही करण्याच्या दिवशी जमीनमालकाला बरोबर घेऊन पुन्हा दोन खड्डे घ्यावेत, एक तुलनेच्या तुकड्यावर आणि एक जुन्या तळावर, आणि दोन्हींच्या कडेला मोजपट्टी लावून मुळे कुठपर्यंत उतरली आहेत ते त्याच्यासमोर मोजावे. दुसऱ्या खड्ड्यातील मुळे अजून आडवी वळलेली दिसली, तर त्या दिवशी सही घेऊ नये.